मदत हवी आहे: गल्ली ओलांडली की वायफायचा ओटीपी पुन्हा, यावर उपाय काय?

नमस्कार मंडळी,

पुण्यात नवी पेठेत माझी अभ्यासिका आहे, एमपीएससी करणाऱ्या मुलांसाठी. गल्लीपलीकडच्या इमारतीत दुसरा हॉल आणि खाली मेस. मागच्या वर्षी पीएम-वाणी या सरकारच्या सार्वजनिक वायफाय योजनेत पीडीओ, म्हणजे लोकांना वायफाय देणारा छोटा केंद्रचालक झालो. त्याला सरकारी परवाना लागत नाही, फीही नाही, फक्त एका पीडीओएशी, म्हणजे अशा केंद्रांचं लॉगिन आणि हिशेब सांभाळणाऱ्या कंपनीशी जोडून घ्यावं लागतं. मुलांचा रोजचा दीड जीबी क्लासच्या व्हिडिओंतच दुपारपर्यंत संपतो, म्हणून हा खटाटोप.

पहिल्या हॉलचं फायबर एका कंपनीचं. त्यांची केबल समोर पोचत नाही, म्हणून तिथे दुसरं कनेक्शन घेऊन वेगळा राउटर लावला, त्याचं लॉगिनचं पानही वेगळं. आता मुलगा जेवायला गेला की पुन्हा नंबर, पुन्हा ओटीपी. ज्याचं रिचार्ज संपून बरेच दिवस झालेत त्याला ओटीपीचा मेसेजच येत नाही, आणि वायफायची खरी गरज त्यालाच असते. परवा एका मुलीची ऑनलाइन टेस्ट ८२व्या प्रश्नाला तुटली. जिन्यात फोन उंच धरून उभी होती बिचारी. मला फार लागलं ते.

दोन्हीकडे वायफायचं नाव एकच ठेवून पाहिलं. तर फोन जुन्या राउटरची एक कांडी उरली तरी त्यालाच धरून बसतो.

भाचा जर्मनीत शिकतो. सुट्टीत आला तेव्हा इथल्या एका संस्थेत पाऊल ठेवताच त्याचा फोन एज्युरोमला, म्हणजे देशोदेशींच्या विद्यापीठांच्या सामायिक वायफायला आपोआप जोडला गेला. पासवर्ड तपासला तो त्याच्या तिकडच्या विद्यापीठाच्या सर्व्हरने! युरोपात हे २००३ पासून चालू आहे. मग माझ्या दोन इमारतींत का जमू नये? पासपॉइंट, ओपनरोमिंग या फोन आपोआप वायफायला जोडणाऱ्या पद्धतींबद्दल वाचलंय, पण ते माझ्या आवाक्यातलं आहे का?

प्रतिसाद १
काका, एज्युरोम चालतं कारण सगळ्या संस्थांनी एकमेकांच्या सर्व्हरवर विश्वास ठेवायचं आधीच ठरवलंय. तुमच्याकडे दोन्ही जागा तुमच्याच आहेत, तेव्हा रोमिंगच्या वाटेला जाऊच नका, नेटवर्क एक करा. गल्ली छोटी असेल तर दोन गच्च्यांवर समोरासमोर ५ गिगाहर्ट्झचे वायरलेस ब्रिज, म्हणजे तारेशिवाय दोन इमारतींचं नेटवर्क जोडणारी उपकरणं बसवा. मग लॉगिनचं पान एकच राहील. ते फोनला मॅक पत्त्यावरून (फोनच्या वायफायच्या ओळखक्रमांकावरून) ओळखतं, त्यामुळे एकदा लॉगिन झालं की समोरही चालेल. आयपी, म्हणजे फोनचा नेटवर्कवरचा पत्ता बदलणार नाही, टेस्टही तुटणार नाही. दुसरं कनेक्शन त्याच मुख्य राउटरला बॅकअप म्हणून जोडा, पण आधी पीडीओएला विचारून. आणि अ‍ॅक्सेस पॉइंटची (वायफाय सिग्नल देणाऱ्या डब्यांची) पॉवर कमी करा, फोन जुना सिग्नल लवकर सोडतील. ८०२.११ के, व्ही, आर या फोनला एका डब्यावरून दुसऱ्यावर पटकन जायला मदत करणाऱ्या सोयी असतील तर चालू करून बघा, मात्र जुने फोन कधीकधी 'आर'वर अडतात.

धागाकर्ता
मनापासून आभार! गल्ली जेमतेम १५ फूट आहे. ब्रिजऐवजी सरळ तारच ओढली तर? पावसाळ्यात वीज पडण्याची भीती वाटते. कुणी केलंय का असं?