मदत हवी आहे: जुन्या प्रोजेक्टवर बसून डेव्हलपर म्हणून पुढे कसं जायचं?

नमस्कार मंडळी. आधी शोधून बघितलं, करिअरचे धागे ढिगाने आहेत पण सगळे एकतर आयटीत कसं घुसायचं नाहीतर बाहेरदेशी कसं जायचं यावर, मधे लटकलेल्यांचं कोणी विचारतच नाही, म्हणून नवीन धागा काढतोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी जावावाला, ऐरोलीतल्या एका आयटी पार्कात, सहा-सात वर्षं झाली आणि त्यातली बरीचशी एकाच प्रोजेक्टवर. क्लायंट फायनान्सचा, सिस्टीम जुनी, जावा ८, स्प्रिंगचं (जावाची तयार चौकट) कॉन्फिगरेशन अजून एक्सएमएलमध्ये, खाली ओरॅकल डेटाबेस आणि त्यात स्टोअर्ड प्रोसीजरचा (डेटाबेसमध्येच ठेवलेल्या प्रोग्रामांचा) डोंगर. जावा ८ आली २०१४ मध्ये, आमच्याकडे यंदा लागलेली पोरं तेव्हा शाळेत होती. पगार वेळेवर होतो, माणसं चांगली आहेत, डबा एकत्र खातो, तशी तक्रार नाही. पण काम म्हणजे तिकीट (दुरुस्तीची मागणी) आलं, लॉग बघितले, एक इफ वाढवला, डिप्लॉय केलं, तिकीट बंद. टेस्टचं (कोड तपासणाऱ्या कोडचं) फोल्डर आहे, आत एकच फाइल, ती पण कमेंट करून, म्हणजे बंद करून ठेवलेली. कोड रिव्ह्यू (दुसऱ्याने कोड तपासणं) म्हणजे लीडला चॅटवर "मर्ज करू का" विचारायचं, तिकडून अंगठा येतो. संपला रिव्ह्यू.

एक नमुना सांगतो म्हणजे अंदाज येईल. व्याज आणि चार्जेस काढणारी एक मेथड (कोडचा नाव दिलेला तुकडा) आहे, नाव नुसतं 'प्रोसेस', स्क्रोल करून बोट दुखेल इतकी लांब. सगळे पैसे डबलमध्ये, म्हणजे दशांश अगदी अचूक न धरणाऱ्या प्रकारात. मधेच एक कमेंट, "हे काढू नका, अमुकला विचारा", आणि तो अमुक कधीच कॅनडाला स्थायिक झालाय. त्या कमेंटखाली लिहिलंय की जावाचा आकडा आणि डेटाबेसचा आकडा यात पाच पैशांच्या आतला फरक असेल तर डेटाबेसचा घ्या आणि पुढे चला. का? कोणालाच माहीत नाही. मी दोनदा विचारलं की हे नीट करू का, उत्तर आलं "चालतंय ना? मग हात लावू नकोस."

आता घरचे म्हणतात कोर्स कर. ठाणे स्टेशनजवळ एका क्लासमध्ये चौकशी केली, फुल स्टॅक, पाऊण लाख, ईएमआयची सोय, शनिवार-रविवार दोन्ही दिवस खलास. सिलॅबस बघितला तर त्यात सगळं आहे, रिअॅक्ट, मायक्रोसर्व्हिसेस, क्लाउड, डॉकर, आणि शेवटी आता सगळेच लावतात तसं एआय. पण चांगला कोड कसा लिहायचा, दुसऱ्याचा कसा वाचायचा, याचं एक अक्षर नाही. प्रवासात शिक असं कृपया सांगू नका, मी घोडबंदर रोडला राहतो, स्टेशनपर्यंतच्या बसमध्ये एका हाताने लटकलेला असतो आणि ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलला बसलो की कानात हेडफोन नीट बसेपर्यंत ऐरोली येतं.

तर विचारायचंय ते हे की कोर्सला पैसे घालू का, आणि नाही तर ज्या टीममध्ये टेस्ट आणि रिव्ह्यूची सवयच नाही तिथे राहून माणूस या सवयी लावतो कशा? घरी छोटे प्रोजेक्ट करून बघितले, टू-डू लिस्ट छाप, पण तिथे चुकलो तरी सांगायला कोण आहे? नोकरी लगेच बदलायची नाहीये, घरी बाबांची ट्रीटमेंट चालू आहे.

पारसिकचा_वाघ: भावा कंपनी बदल. बाकी सगळी बोलाची कढी आणि बोलाचा भात.

नेरुळची_मावशी: वाघोबा, लगेच बदलायची नाही असं त्यांनी लिहिलंय की, वाचा तरी. आणि बदलून जाणार कुठे, महापे असो की हिंजवडी, सगळीकडे कोणाची ना कोणाची 'प्रोसेस' मेथड बसलेलीच असते.

धागाकर्ते, माझं स्पष्ट मत, पाऊण लाख घालू नका. जावा १७ मध्ये जे नवीन आहे, रेकॉर्ड, टेक्स्ट ब्लॉक, नवीन पद्धतीचा स्विच, ते घरी जेडीके (जावाचं किट) फुकट उतरवून दोन-तीन रविवारांत हाताखाली येतं. स्प्रिंग बूट ३ ला कमीत कमी जावा १७ लागते, म्हणून तेवढं करून ठेवाच, इंटरव्ह्यूत विचारतात. पण तुमचं दुखणं ते नाहीच.

त्या मेथडला हात लावायची परवानगी मागू नका, कोणी देणार नाही, मी पण दिली नसती. त्याऐवजी पुढचं तिकीट त्या मेथडवर येईल ना, तेव्हा कोड बदलायच्या आधी तिला आहे तशी पकडून ठेवा. म्हणजे काय, तर यूएटीमधले (क्लायंटच्या चाचणीसाठीच्या सिस्टीममधले) खरे वाटतील असे वीस-पंचवीस इनपुट घ्यायचे (ग्राहकांचा डेटा अजिबात नको, नावं-खाते नंबर बदलून), मेथड चालवायची, जे उत्तर येईल ते जसंच्या तसं जेयुनिटमध्ये (टेस्ट लिहायचं साधन) लिहून टाकायचं. उत्तर चूक वाटलं तरी तेच लिहायचं! इथेच लोक घसरतात, टेस्ट लिहिता लिहिता कोड सुधारायला जातात. आत्ता फक्त आज ही काय करते एवढं बांधून ठेवायचंय. मग तिकिटापुरता जो तुकडा लागतो तो वेगळ्या छोट्या मेथडमध्ये काढा, टेस्ट हिरव्या राहिल्या तर काही मोडलं नाही. हे सगळं एस्टिमेटमध्येच धरा, वेगळं मागायला गेलात की ती चैन दिसते.

दुसरं म्हणजे त्या कॅनडावाल्याला फोन न करता विचारता येतं. गिट लॉगला (कोडच्या बदलांच्या इतिहासाला) कॅपिटल एसचा पर्याय देऊन ती ओळ शोधा, ती पहिल्यांदा कुठल्या कमिटमध्ये (नोंदलेल्या बदलात) आली ते सापडेल, मेसेजमध्ये तिकीट नंबर असला तर सोन्याहून पिवळं. एसव्हीएनवरून (तसंच जुनं साधन) गिटवर येताना जुना इतिहास टाकून दिला असेल तर मात्र नशीब. आणि तुमचे स्वतःचे कमिट मेसेज लिहिताना काय बदललं ते नका लिहू, ते डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडच्या फरकात) दिसतंच, का बदललं ते लिहा.

रिव्ह्यूचं म्हणाल तर दुसऱ्यांचे रिव्ह्यू वाचा, फुकट आहेत. तुम्ही जी लायब्ररी रोज वापरता तिचं गिटहब उघडा, बंद झालेल्या पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशा विनंत्या) बघा, ज्यावर खूप चर्चा झालीय अशा. आधी फक्त डिफ बघून आपण काय बोललो असतो ते कागदावर लिहायचं आणि मग मेंटेनरने (लायब्ररी सांभाळणाऱ्याने) काय म्हटलंय ते वाचायचं. पहिले काही महिने आपल्याला फक्त स्पेस आणि नावं दिसतात, त्याला दिसतं की हे दोन थ्रेडमधून (एकाच वेळी चालणाऱ्या कामांतून) एकदम बोलावलं तर काय होईल. माझा डोळा असाच तयार झाला, कोणत्या क्लासने नाही.

दशांशचिन्ह: मावशींना +१. मला त्या पाच पैशांमध्ये जास्त रस आहे. धागाकर्ते, फरक येतो तो रिव्हर्सलच्या म्हणजे उणे रकमांवर येतो का? आणि राउंडिंग मॅथ डॉट राउंडने, शंभरने गुणून-भागून केलंय का?

धागाकर्ता: हो!! शंभरने गुणून, राउंड, मग भागाकार. उणे रकमांचं बघून सांगतो.

दशांशचिन्ह: मग बघा, १२.१२५ घ्या. जावात १२.१३ येतं, ओरॅकलच्या राउंडमध्ये पण १२.१३. आता उणे १२.१२५ घ्या. ओरॅकल शून्यापासून लांब जातं, उणे १२.१३. जावाचं मॅथ डॉट राउंड बरोबर अर्ध्यावर असलं की वरच्या दिशेला जातं, म्हणजे उणे १२.१२. झाला एक पैशाचा फरक. कॅनडावाल्याला हे तपासायला वेळ नसेल मिळाला, त्याने पाच पैशांची सतरंजी घातली वर.

पण म्हणून उद्या उठून सगळं बिगडेसिमल (जावाचा अचूक दशांशांचा प्रकार) करायला जाऊ नका. त्यात हाफ-अप मोड ओरॅकलसारखाच शून्यापासून लांब जातो हे खरं, पण डबलमधून थेट बनवलंत तर ०.१ च्या मागे ०.१०००००००००००००००५५ असं काहीसं शेपूट येतं, स्ट्रिंगमधून बनवायचं. आणि इक्वल्सने २.० आणि २.०० वेगळे धरले जातात, तुलना कंपेअर-टूने करायची. मावशी म्हणतात तशा टेस्ट आधी, मग हे.

धागाकर्ता: मंडळी, बघितलं. फरकाच्या ज्या एंट्री लॉगमध्ये सापडल्या त्यातल्या बहुतेक रिव्हर्सलच्याच निघाल्या, थोड्या राहिल्यात त्यांचं कारण वेगळं असावं, शोधतोय. इनपुट-आउटपुटच्या टेस्ट लिहायला घेतल्यात, नवीन लागलेल्या पोरीला सोबत घेतलंय, ती माझ्या टेस्ट वाचते मी तिच्या वाचतो, तिने पहिल्याच दिवशी विचारलं की शून्य रक्कम कुठेय, जी माझ्या डोक्यातच आली नव्हती. लीडला अजून सांगितलं नाहीये, तिकीट यायची वाट बघतोय.

कोर्सवाल्यांचा फोन रोज येतोय, त्यांना नाही सांगितलंय. एक राहिलं, मॉकिटो वापरून स्टोअर्ड प्रोसीजरचा कॉल खोटा केला तर टेस्ट पळतात पण मग राउंडिंगचा तो फरक दिसतच नाही कारण खरं ओरॅकल मधे नाहीच. इथे तुम्ही लोक काय करता, लोकल डेटाबेस उभा करता का? ऐरोली-रबाळे पट्ट्यात कोणी असं केलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, चहा माझ्याकडून.