मदत हवी आहे: 'आईचा व्यवसाय' या रकान्यात काय लिहू?

मैत्रिणींनो, धाकटीच्या बालवाडीचा फॉर्म परवा यांनी भरला. 'आईचा व्यवसाय' यापुढे सरळ आडवी रेघ! विचारलं तर म्हणाले, "अगं, तू सध्या काही करत नाहीस ना, म्हणून." तेव्हा तव्यावर डब्याची पोळी फुगत होती आणि मी मोठ्याला मांडीवर आडवा घालून त्याच्या कानात औषधाचे थेंब सोडत होते. (माणूस वाईट नाही हो, खरंच लक्षात आलं नाही त्यांच्या.)

अकाउंट्समधली नोकरी सोडून पाच वर्षं झाली. मोठ्याच्या वेळी २६ आठवड्यांची रजा मिळाली होती. नंतर सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मग राजीनामाच दिला. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. मुलांचं, आजारी माणसांचं करण्याचा वेळ त्यात धरलेलाच नाही, तो वेगळा!

आता पुन्हा नोकरी शोधतेय. बायोडेटात ही पाच वर्षं कशी दाखवायची? एका मुलाखतीत "म्हणजे घरीच होतात?" असं विचारलं, आणि मी नुसतं "हो" म्हणून गप्प बसले. तुम्ही अशा वेळी काय उत्तर दिलंत? टॅली आणि जीएसटीची उजळणी घरबसल्या होते, की क्लास लावावा? दुपारी दीड ते तीन एवढाच वेळ हातात असतो, तोही धाकटी झोपली तर.

आणि हो, फॉर्म सोमवारी द्यायचाय. त्या रेघेवर व्हाइटनर लावून ठेवलंय, काय लिहू तेवढं सांगा.