पोयाक: बाराव्या वर्षी फोडावी की पंचविसाव्या?
(चार वाइनशौकिनांची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

काळी माती
फ्रान्समधल्या बोर्दोच्या मेडॉक पट्ट्यातल्या पोयाक गावची रेड वाइन 'तीस वर्षं टिकते' असं जो तो सांगतो. टिकते, वाद नाही. पण टिकणं वेगळं आणि चांगली लागणं वेगळं. लाफीत, लातूर अशा बड्या शातोंचं (वाइन करणाऱ्या मळ्यांचं) सोडा (लातूरवरचे विनोद करून झाले असतील तर पुढे जाऊ). लँश-बाज, ग्राँ-पुई-लाकोस्त, पाँते-काने हे मेडॉकच्या १८५५च्या अधिकृत वर्गवारीत शेवटच्या, पाचव्या श्रेणीत बसलेले शातो. ह्यांच्या बाटल्या दहा ते पंधरा वर्षांत संपवाव्यात असं माझं मत.

कारण आजची पोयाक जुन्या वळणाची राहिलेली नाही. द्राक्षं पूर्वीपेक्षा जास्त पिकल्यावर तोडतात, कच्चे मणी आणि देठ निवडून बाजूला काढतात, आंबवताना सालींतून अर्क हलक्या हाताने काढतात. अल्कोहोल पूर्वी साडेबारा टक्के असायचं, आता साडेतेरा-चौदा सहज. टॅनिन (सालीबियांतून येणारा तुरट घटक) भरपूर, पण घासत नाही. २००९च्या वाइन दहाव्या वर्षीच मोकळ्या झाल्या होत्या. काळ्या करंटचा (एक लहान, आंबटगोड फळ) गर्द वास पंचविसाव्या वर्षी फारसा उरत नाही. उरतो पालापाचोळा, अळंबी आणि चामडं. त्यासाठी एवढे पैसे मोजायचे?

पिंपाचं बूड
साफ असहमत. काळा करंट चिलीत ह्याच कॅबरने द्राक्षापासून केलेल्या वाइनमध्येही मिळतो, कितीतरी स्वस्तात. पोयाकसाठी पैसे मोजायचे ते देवदाराचं लाकूड, सिगारची पेटी आणि पेन्सिल तासताना येणारा तो ग्रॅफाइटचा वास ह्यांसाठी. पंधराव्या वर्षाआधी हे नीट वर येत नाही.

कॅबरने सॉव्हिन्योंचा मणी लहान, साल जाड; रसाच्या मानाने साली-बिया जास्त. त्यात खडीची खोल जमीन, पाणी ठरत नाही. वर २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात दीड वर्षाच्या आसपास मुक्काम. एवढा ऐवज असलेली वाइन साधारण सहाव्या ते बाराव्या वर्षात बऱ्याचदा मिटते: ताजं फळ मागे गेलेलं, वयाचे वास अजून आलेले नाहीत, समोर नुसतं टॅनिन आणि आम्ल. तुमची शिफारस नेमकी त्या खड्ड्याच्या काठावर. आणि २००९ हे लाडावलेलं साल. २०१० घेऊन बघा, आम्ल आणि टॅनिन दोन्ही ताठ.

१९८२ मऊ, पिकलेली, आम्ल कमी, म्हणून टिकणार नाही असं तेव्हा कित्येक जाणकार म्हणत होते. अमेरिकन वाइन समीक्षक रॉबर्ट पार्करने उलट बाजू घेतली आणि त्यावरच त्याचं नाव झालं. त्या सालच्या उत्तम पोयाक चाळिशी ओलांडूनही उभ्या आहेत.

काळी माती
१९८२ काढलीत तर १९७५ही काढा की. टॅनिन दगडासारखं. लोक मऊ व्हायची वाट बघत बसले आणि बऱ्याच बाटल्यांत फळ आधी गेलं, टॅनिन मागे राहिलं. २००३ उष्णतेच्या लाटेचं साल, मेडॉकमधल्याही कित्येक वाइन अकाली म्हाताऱ्या झाल्या. शेजारच्या सॅंतेस्तेफमध्ये चिकणमातीने ओल धरून ठेवली म्हणून तिथल्या काही तरल्या. वाट बघणं हा जुगार आहे, एवढंच म्हणतोय.

सालपापुद्रा
'टॅनिन मऊ होतं' हे दोघांनीही गृहीत धरलंय. टॅनिनच्या साखळ्या नुसत्या लांबत गेल्या तर तोंड उलट जास्त कोरडं पडतं. मऊपणा येतो तो सालीतली रंगद्रव्यं त्या साखळ्यांना जोडली जातात, काही साखळ्या आम्लामुळे तुटतात आणि काही जड होऊन गाळ म्हणून तळाशी बसतात त्यामुळे. रंगद्रव्य कमी आणि बियांचं कच्चं टॅनिन जास्त असेल तर बाटली नातवापर्यंत ठेवा, सुधारणार नाही.

जास्त पिकवण्याचा खरा तोटा राहूनच गेला: पीएच वाढतो, म्हणजे आंबटपणा कमी होतो. ३.४ पीएचला वाइन टिकवायला घातलेल्या मोकळ्या सल्फर डायऑक्साइडपैकी साधारण अडीच टक्के भाग जंतूंविरुद्ध कामाला येतो, ३.८ला जेमतेम एक. म्हणजे तेवढ्याच संरक्षणाला मोकळं सल्फर अडीचपट लागतं. ते नसलं की ब्रेटानोमायसिस यीस्ट माजतं आणि तबेल्याचा वास येतो. लोक त्यालाच 'जुन्या बोर्दोचं चामडं' म्हणत कौतुकाने पितात! ठेवायची वाइन निवडताना लेबलावरच्या अल्कोहोलपेक्षा पीएच शोधा.

फळीवरची बाटली
पुण्या-नागपुरात बसून हे वाचणाऱ्यांसाठी: वरची सगळी वर्षं १२-१३ अंशांच्या तळघरातली आहेत. उष्णतेने सगळ्या क्रिया सारख्या वेगाने पळत नाहीत. फळाचे वास आधी जातात, टॅनिनचं काम मागे राहतं. त्यामुळे ३० अंशांवर ठेवून वाइन 'लवकर तयार' होत नाही, शिजते. साधा फ्रिज महिना-दोन महिने ठीक. वर्षानुवर्षं ठेवली तर तिथल्या कोरड्या हवेत बूच सुकतं. वाइनचं कपाट १३ अंशांवर, आर्द्रता ६० ते ७५ टक्के, बाटली आडवी. आणि वीज गेली तर कपाट चालू राहील अशी सोय हवी, नाहीतर मे महिन्यातली एक दुपार पुरे.

जुनी बाटली विकत घेताना उजेडात उभी धरून पातळी बघा. पंचवीस वर्षांच्या बाटलीत वाइन मानेच्या तळाशी किंवा खांद्याच्या वरच्या टोकाला असेल तर चालेल. खांद्याच्या मध्यावर उतरली असेल तर हवा शिरली समजा. दहा-बारा वर्षांच्याच बाटलीत एवढी उतरलेली असेल, टोपणाखाली चिकट ओघळ असेल किंवा बूच वर आलेलं असेल, तर ती तापलेली आहे. दुकानदार काहीही सांगो.

काळी माती
ह्याच भानगडींमुळे माझा पंधराचा आकडा. दर वर्षी एक नवा धोका.

पिंपाचं बूड
मग मॅग्नम घ्या. दीड लिटर वाइन, बूच मात्र जवळपास तेवढंच, म्हणजे लिटरमागे हवा निम्मी. चाल संथ होते.

आणि जुनी बाटली बिघडलेली निघाली असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा फोडण्यातच घोळ असतो. दोन दिवस उभी ठेवा. बूच पिठूळ झालेलं असतं, त्यामुळे स्क्रूऐवजी दोन पात्यांचा ओपनर बुचाच्या कडेने आळीपाळीने दाबत आत घाला, मग पिळत वर ओढा. मानेखाली टॉर्च धरून एका दमात दुसऱ्या भांड्यात ओता, मध्ये बाटली सरळ करायची नाही, नाहीतर गाळ ढवळला जातो. गाळाची रेघ मानेत आली की थांबा. तळातले ४०-५० मिली सोडून द्यावे लागतात. १६ ते १८ अंशांवर, लगेच प्या. बारा वर्षांची असेल तर मात्र ओतून दोन-तीन तास तशीच ठेवा.

काळी माती
म्हणजे दोन-तीन तासांत मिटलेली वाइन उघडते, हे तुम्हीच लिहिलंत.

पिंपाचं बूड
फळ थोडं मोकळं होतं, टॅनिनची धार कमी भासते. देवदार तीन तासांत तयार होत नाही. २०१६च्या सहा बाटल्यांची पेटी असेल तर एक आता फोडा, दुसरी २०३१ला, उरलेल्या चार २०३६नंतर.

काळी माती
मी चार आता फोडेन, दोन तुमच्यासाठी ठेवेन.