अंजिराच्या काड्या महिनाभर ठेवायच्यात, कशा ठेवू? आणि नंतर मुळ्या कशा फोडू?

गच्ची_बाग:
नमस्कार मंडळी, सासवडजवळ मामाच्या शेतात अंजिराची छाटणी चालू आहे, पुना अंजीरच आहे, २०१६ ला पुरंदरच्या अंजिराला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तो हाच. मामा म्हणाला हव्या तेवढ्या काड्या ने. पण आमचं घर बदलायचं चाललंय, नवीन फ्लॅटची गच्ची हातात यायला अजून महिना तरी आहे आणि आत्ताच्या घरात खिडकीच्या कट्ट्याशिवाय जागा नाही. तर काड्या महिनाभर टिकवता येतात का? कोणी म्हणतं बादलीत पाण्यात उभ्या करून ठेव, कोणी म्हणतं फ्रीज. आणि नंतर लावल्यावर मुळ्या नक्की फुटायला काय करायचं तेही सांगा, मला हे झाड मनापासून हवंय.

काडीवाला_दादा:
पाण्यात अजिबात ठेवू नका. महिनाभर पाण्यात उभी काडी खालून काळी पडून कुजते, आणि त्याआधी डोळे फुटून काडीतला साठा संपतो तो वेगळाच. फ्रीजच बरोबर, पण नीट ऐका.

आधी काडी निवडायची. गेल्या वर्षीचं पिकलेलं लाकूड घ्या, पेन्सिलीएवढं किंवा थोडं जाड, वीतभर किंवा त्याहून जराशी लांब, तीन-चार डोळे हवेत. शेंड्याची हिरवी लुसलुशीत नको, ती फ्रीजमध्ये सुरकुतते. ज्या झाडाच्या पानांवर तांबेऱ्याचे ठिपके असतील त्याची काडी घेऊच नका, मामांना चांगलं भरघोस फळ देणारं झाड विचारा. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली तिरका, वरचा सरळ, म्हणजे नंतर उलटी लावली जात नाही, कारण महिन्यानंतर वरखाली ओळखताना घोळ होतो. पानं सगळी काढायची. कापल्यावर पांढरा चीक येतो, तो वाहून सुकू द्या, आणि हातमोजे घाला, तो चीक अंगाला लागून वर ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते.

मग वर्तमानपत्र ओलं करून घट्ट पिळायचं, इतकं की हाताला दमट लागेल पण थेंब पडणार नाही, त्यात काड्या गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, वर जात आणि तारीख लिहून, भाजीच्या कप्प्यात. फ्रीजरमध्ये चुकूनही नाही, काडी मरते. आठवड्याला एकदा उघडून बघा, बुरशीचा पांढरा कापूस दिसला तर ती काडी बाहेर आणि कागद बदला. असं केलं तर महिना काय, दोन महिनेसुद्धा आरामात जातात.

पानफूल:
दादांनी छान सांगितलंय, एकच जोडते, त्याच कप्प्यात सफरचंद, केळी, पिकलेली फळं नकोत. त्यांच्यातून जो वायू निघतो त्याने काडीचे डोळे खराब होतात. आमच्या घरी फ्रीज कायम फळांनी भरलेला म्हणून मी काड्या सासूबाईंच्या फ्रीजमध्ये ठेवते.

गच्ची_बाग:
फार फार आभार! आता लावायचं सांगा. आणि लावताना जिवंत आहे की मेली ते कसं कळणार?

काडीवाला_दादा:
नखाने साल जराशी खरवडा, आत हिरवं ओलसर दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर गेली. लावण्याआधी खालचं टोक परत ताजं कापा, रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. मग आयबीएची पावडर, म्हणजे मुळ्या फुटायला मदत करणारं संप्रेरक, कृषी सेवा केंद्रात मिळते, कडक लाकडासाठीचा ग्रेड मागा, टोक बुडवून जादाची झटकून टाका. भोक आधी काठीने पाडायचं, मग काडी घालायची, नाहीतर पावडर मातीलाच पुसली जाते.

काडी लावायचं माध्यम म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाडी वाळू किंवा परलाइट (पांढरे हलके खडे) निम्मं निम्मं. शेतातली माती नको, अंजिराला सूत्रकृमीचा, म्हणजे मुळांना लागणाऱ्या बारीक कृमींचा फार त्रास, त्या मातीतून येतात आणि मुळांवर गाठी करतात. दोन डोळे आत, एक-दोन वर. लावलेली काडी सावलीत ठेवा, थंडीच्या रात्री उघड्यावर नको, पंचवीस अंशांच्या आसपास मुळ्या चांगल्या फुटतात, पुण्यात डिसेंबर-जानेवारीत घरातच ठेवलेलं बरं.

गच्ची_बाग:
म्हणजे पानं आली की मुळ्या आल्या असं समजायचं का?

पानफूल:
नाही हो ताई, इथेच सगळे फसतात! काडीच्या साठ्यावरच आधी पानं येतात, मुळी तेव्हा नसतेही. लोक पानं बघून खूश होऊन पाणी वाढवतात, उन्हात नेतात, आणि मग आठवड्यात पान लोंबतं. पारदर्शक ग्लास वापरा, खाली भोकं पाडून, म्हणजे पांढऱ्या मुळ्या भिंतीलगत दिसतात. तोवर बोट घालून वरचा थर सुकलाय का बघूनच पाणी, रोज नाही.

शिवारातून:
घाई नसेल तर दुसरा पर्याय, पावसाळ्यात मामांच्याच झाडावर गुटी बांधा, म्हणजे फांदी न तोडता तिची साल काढून तिथे ओलं शेवाळ बांधून मुळ्या फुटवायच्या. फांदीला झाड अन्नपाणी पुरवत असतं त्यामुळे कुजण्याची धास्ती कमी, आणि रोप मोठं मिळतं. जमिनीत सूत्रकृमी असतील तर उंबराच्या खुंटावर अंजिराचं कलम करतात, पण गच्चीवर कुंडीत त्याची गरज नाही. मी तरी दोन्ही करेन, काड्या आत्ता आणि गुटी नंतर.

गच्ची_बाग:
दोन्हीच करते मग. रविवारी जातेय काड्या आणायला, मुळ्या दिसल्यावर लगेच मोठ्या कुंडीत टाकू का?

काडीवाला_दादा:
लगेच नाही, मुळ्या तपकिरी होऊन फांद्या घेऊ द्या, आधी छोट्या पिशवीत, मग हळूहळू सकाळचं ऊन. अंजिराची कोवळी मुळी फार ठिसूळ असते, ग्लास कापून गड्ड्यासकट काढा, ओढू नका.