चपळ कंपनी म्हणजे नेमकं काय? आंबा पल्प युनिटसाठी सल्ला हवा

पल्पवाला_रत्नागिरी
आंबा पल्प आणि थोडं काजू, असं युनिट आहे. सीझनला चाळीसेक माणसं. दरात मोठ्या कारखान्यांशी जमत नाही, म्हणून सल्लागार म्हणतो ‘चपळ’ (इंग्रजीत अ‍ॅजाइल) व्हा. रोज सकाळी उभ्याने दहा मिनिटांची मीटिंग, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या वगैरे. याने धंद्यात खरंच फरक पडतो, की हे सॉफ्टवेअरवाल्यांचं खूळ? पैसे घालायचे तर कुठे घालावेत?

लाल_चिरा
मीटिंग घ्या, फुकट आहे. पण चिठ्ठ्यांचा फळा शेजारचाही उद्या लावेल, त्यात आघाडी कसली? ठरलेलं बदलायला तुम्हाला किती वेळ आणि किती पैसे लागतात, ते मोजा.

खरेदीपासून सुरू करा. मे महिन्यात कॅनिंगच्या आंब्याचा भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. काट्यावरचा माणूस दर गाडीला मालकाला फोन लावत बसला की गाडी पुढच्या काट्यावर जाते. त्याला आदल्या संध्याकाळी तीन आकडे द्या: किलोला वरचा भाव, दिवसाचे जास्तीत जास्त टन, आणि गाडीतले दहा आंबे कापल्यावर किती साका (आतला पांढरट, खराब गर) चालेल. या चौकटीत त्याने विचारायचं नाही आणि तुम्ही नंतर खेकसायचं नाही. एकदा खेकसलात की दुसऱ्या दिवसापासून फोन परत सुरू. टनांचा आकडा मात्र खिशाकडे नाही, पल्परकडे (गर काढणाऱ्या मशीनकडे) बघून ठरवा. स्वस्त मिळाला म्हणून जास्त भरलेला माल अढीत एकदम पिकतो आणि मग मशीनच्या दारात सडतो.

मग सीमर, म्हणजे डब्याला झाकण दुमडून सील करणारं मशीन. ३.१ किलोच्या डब्यावरून ८५० ग्रॅमवर यायला किती वेळ जातो? तो जास्त असेल तर तुम्ही छोटी ऑर्डर घेणारच नाही. टोयोटात १९६९ च्या सुमारास हजार टनी प्रेसचा साचा बदलायला चार तास लागत. जपानी उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी ते काम आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. युक्ती साधी: मशीन चालू असतानाच जे होऊ शकतं ते मशीन थांबवून करायचं नाही. पुढच्या मापाचे चक आणि रोल (झाकण धरून दुमडणारे भाग), पाने आधीच ट्रॉलीवर मांडून ठेवा. घाई फक्त तिथे. सेटिंग झाल्यावर पहिले डबे कापून सीमचा (डबा-झाकणाच्या दुमडलेल्या जोडाचा) ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही कडा एकमेकींत किती अडकल्या ते, मोजल्याशिवाय लाईन सोडू नका. सैल सीम त्या दिवशी दिसत नाही, डबा नंतर गोदामात फुगतो.

लेबल सर्वात शेवटी. डबे कोरे ठेवा, ऑर्डर आली की त्या गिऱ्हाइकाचं लेबल. बॅच कोड मात्र सील करतानाच झाकणावर पडला पाहिजे. साखर घातलेला पल्प मागे फिरत नाही, तेव्हा सीझनला बिनसाखरेचा जास्त भरा.

देवगडकर
वरच्यात भर. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेत आल्बुकर्कीला फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. दहाएक मिनिटांत विझली, पण धूळही चालत नाही अशा स्वच्छ खोल्यांतला माल गेला. मोबाइल बनवणाऱ्या नोकिया आणि एरिक्सन, दोघेही गिऱ्हाईक. नोकियाने बातमी लगेच वरपर्यंत नेली, फिलिप्सच्या दुसऱ्या कारखान्यांतून माल ओढला, काही चिप्स दुसरीकडून घेतल्या. एरिक्सनकडे त्या चिप्सना दुसरा पुरवठादार नव्हता. नुकसान ४० कोटी डॉलरच्या घरात. तुमच्याकडे डबे किती जणांकडून येतात?

खाडीपलीकडे
देवगडकर, तीच नोकिया २००७ नंतर आयफोनपुढे ढेपाळली आणि २०१४ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. रोजच्या कामातली चपळाई वेगळी, माणसं आणि पैसा एका धंद्यातून दुसऱ्यात हलवणं वेगळं. दुसरं जास्त अवघड, कारण तिथे घरातलेच अडवतात.

मालक, तुमचा बॉयलर पावसाळ्यात काय करतो? कोकमाचा सल्ला कोणीतरी देईलच. पण कोकम एप्रिल-मेमध्येच पिकतं, आमसुलांना ऊन तेव्हाच हवं, आणि हात तेच. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, मिठात पिंपांत राहतं, तेवढंच करा. काजू बी मात्र थांबते. ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवा, पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवा आणि जूननंतर फोडा. पावसाळी हवेत सोललेला गर लगेच ओल धरतो. ५ टक्क्यांखाली वाळवून त्याच दिवशी व्हॅक्यूम पॅक करा.

पल्पवाला_रत्नागिरी
डबे एकाकडूनच. दुसऱ्याचा दर थोडा चढा आहे. नुसता नंबर घेऊन ठेवला तर?

लाल_चिरा
नुसत्या नंबरावर मे महिन्यात कोणी डबे देत नाही, आधी नेहमीचं गिऱ्हाईक. डब्यांचा पाचवा हिस्सा दरवर्षी त्या दुसऱ्याकडून घ्या. आणि एकाचा डबा, दुसऱ्याचं झाकण असं एका लाईनवर चालवू नका. डब्याचा फ्लँज (बाहेर वळलेली कड) आणि झाकणाचा कर्ल (आत वळलेली कड) जुळला नाही तर सीम गळतो. दोघांचे नमुने फेब्रुवारीतच सीमरवर चालवून सेटिंगचे आकडे लिहून मशीनला टांगा.