छंदवस्तूंच्या उत्पादकांनी दुकानदारांना वगळून थेट विक्री करावी का?

रूळवेडा (मूळ धागा)

आगगाड्यांच्या प्रतिकृती बनवणाऱ्या उत्पादकांनी दुकानदारांची साखळी बाजूला सारून ग्राहकालाच माल विकावा, असे मत हल्ली जोराने मांडले जाते. मला ते पटत नाही. गेल्या वर्षी एका उत्पादकाकडून थेट मागवलेले एचओ मापाचे, म्हणजे 1:87 प्रमाणातले, इंजिन रुळांवर ठेवले, तेव्हा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ते बारीकसा हिसका घेत होते. महिनाभर पत्रव्यवहार झाला, छायाचित्रे झाली, चित्रफीत झाली आणि अखेर इंजिन स्वखर्चाने परत पाठवण्यास सांगण्यात आले. मी ते एका दुकानदाराकडे नेले. त्याने तळाचे झाकण काढून आसावरचे प्लॅस्टिकचे दंतचक्र भिंगाखाली धरले आणि दोन दातांच्या मधोमध गेलेली केसाएवढी चीर मला दाखवली. चीर फाकली की त्या दोन दातांमधले अंतर वाढते आणि जोडीचे चक्र नेमके तेथेच अडखळते. दंतचक्र बदलायला त्याला वीस मिनिटे लागली. थेट विक्रीत स्वस्त पडते ते खोके. हे ज्ञान त्या किमतीत मिळत नाही.

साचेकार

आपला अनुभव खरा आहे, परंतु मी स्वतः लहान उत्पादक असल्याने हिशेबाची दुसरी बाजू मांडतो. समजा, छापील किंमत 100 आहे. वितरक आणि दुकानदार यांचा वाटा गेल्यावर माझ्या हाती 50 आले, तर त्यांतून कारखान्याचे देणे, रंगकाम, वाहतूक आणि सर्वांत जड असा पोलादी साच्यांचा खर्च निघायला हवा, जो पहिला नग विकला जाण्यापूर्वीच करावा लागतो. मोठा उत्पादक तो खर्च अनेक खेपांवर पसरवतो. माझी खेप हजार नगांची असेल, तर थेट विक्रीतून वाचणारा वाटा हाच त्या प्रतिकृतीच्या असण्या-नसण्यातला फरक ठरतो. शिवाय कोणत्या कालखंडाची रंगसंगती हवी, हे ग्राहक मला स्वतः सांगतो. दुकानदारामार्फत माझ्यापर्यंत पोचतो तो केवळ मागणीचा आकडा.

काउंटरमागचा

दुकानदार म्हणून माझी तक्रार थेट विक्रीविरुद्ध नाही, ती किमतीविरुद्ध आहे. खेप किती काढायची, हे ठरवताना उत्पादक आमची आगाऊ नोंदणी मागतो. आम्ही भांडवल गुंतवून चाळीस नग उचलतो आणि सहा महिन्यांनी तोच उत्पादक उरलेला माल आमच्या खरेदीच्या भावाच्या आसपास ग्राहकाला विकतो. आमच्या फळीवरचे उरलेले नग त्या दिवशी मेलेले असतात. पुढच्या नोंदणीला मी चाळीसऐवजी दहा लिहितो, यात राग नाही, व्यवहार आहे. युद्धखेळांसाठी रंगवायच्या छोट्या प्रतिमा बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीकडे पाहा: स्वतःची पाचशेहून अधिक दुकाने आणि संकेतस्थळ असूनही 2022-23 या आर्थिक वर्षात तिची निम्म्याहून अधिक विक्री स्वतंत्र व्यापाऱ्यांमार्फत झाली. इतकी बळकट कंपनीही काउंटर सोडत नाही, कारण नवा माणूस या छंदात बहुधा कोणीतरी समोर बसून पहिला रंग लावायला शिकवल्यावरच टिकतो.

साचेकार

उरलेल्या मालाबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे. दुकानदाराची नोंदणी घेऊन त्याच्याच पाठीमागे भाव पाडणे हा विश्वासघात आहे. मात्र आरंभालाच साखळी उभी करा, हा आग्रह मला मान्य नाही. अमेरिकेतील स्केलट्रेन्स ही आगगाड्यांच्या प्रतिकृती बनवणारी कंपनी 2015 मध्ये थेट विक्रीने उभी राहिली आणि पुढे दुकानदारांमार्फतही विकू लागली. लहानांसाठी हाच क्रम शक्य असतो. सर्वत्र एकच भाव ठेवा, असे म्हणणे सोपे आहे, पण दुकानदाराने याहून कमी भावात विकू नये, असे बंधन उत्पादकाने घालणे युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये सामान्यतः बेकायदा आहे. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या 2007 च्या लीगिन निकालानंतर संघराज्य कायद्याखाली असे करार प्रकरणागणिक तपासले जातात. मी बांधू शकतो तो फक्त माझा स्वतःचा भाव.

रूळवेडा

मग तोच बांधावा: दुकानदाराकडे माल असेपर्यंत आपण छापील किमतीखाली उतरू नये. आणि दुसरे, जे मला किमतीहून महत्त्वाचे वाटते, ते असे की दंतचक्रे, मोटारी आणि विद्युतपट्ट्या (सर्किट बोर्ड) हे सुटे भाग दुकानदारांना मिळावेत, मग त्यांनी आपले इंजिन विकलेले असो वा नसो. माझ्या इंजिनात बसले ते दंतचक्र त्या गृहस्थाने दुसऱ्या मोडक्या इंजिनातून काढून ठेवलेले होते.

साचेकार

पहिल्या अटीला मी आज होकार देतो. सुट्या भागांसाठी मात्र खेपेबरोबरच जादा संच काढावे लागतात, कारण नंतर थोड्या नगांसाठी कारखाना साचा पुन्हा यंत्रावर चढवत नाही. पुढच्या खेपेत शंभर इंजिनांमागे पाच संच धरतो. दुरुस्तीच्या मजुरीचा दर दुकानदारांनी कळवावा.

काउंटरमागचा

पाच कमी पडतील. आसाची दंतचक्रे वेगळी आणि जास्त काढा; मोटार क्वचित जाते, दंतचक्र वारंवार तडकते. दर मी कळवतो.