गाडीला लागलं तर पैसे ड्रायव्हरने का भरायचे?

उजवाआरसा

गेल्या महिन्यात रात्री अडीचच्या सुमारास एका गोदामाच्या आवारात गाडी मागे घेत होतो. बंपर आणि एक टेललाइट खांबाला लागला. मागे उभं राहून आवाज द्यायला कोणी नव्हतं, कारण क्लीनर ठेवणं कंपनीने कधीच बंद केलंय. आवारातला दिवा गेलाय हे आत शिरतानाच गेटवर सांगितलं होतं. सकाळी सुपरवायझरने एका कागदावर सही घेतली आणि तीन हप्त्यांत पगारातून पैसे कापायचं ठरवूनही टाकलं. बिल दाखवलं नाही. पहिला हप्ता कापला गेलाय, आणि गाडी अजून त्याच चेपलेल्या बंपरने फिरतेय.

गाडी कंपनीची, भाडं कंपनीला मिळतं, विमा कंपनीच्या नावावर. मग नुकसान तेवढं माझं कसं? दारू पिऊन किंवा मुद्दाम ठोकली असेल तर पैसे घ्या, कामावरूनही काढा. पण दिवसातून दहा वेळा मागे घ्यायची गाडी कधीतरी घासणार, हे ती विकत घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. टायर झिजतो, तसाच हाही धंद्याचा खर्च आहे.

एकगाडीमालक

बिल न दाखवता कापलं ते चूकच. पण तुमचा नियम मला मान्य नाही. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, मग कर्ज काढून एक घेतली. पाठीच्या दुखण्यामुळे आता ती दुसरा चालवतो.

‘विमा आहे ना’ असं सगळे म्हणतात. क्लेम केला की ठरावीक रक्कम आधी मालकाच्याच खिशातून जाते, वर पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, बुडतो. म्हणून बंपर, आरसा, फाळका असल्या नुकसानासाठी कोणी क्लेम करतच नाही. गाडी चार दिवस गॅरेजला उभी राहिली तर भाडं बुडतं, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

माझ्या ड्रायव्हरने वर्षभरात दोनदा क्लच प्लेट जाळली. क्लचवर पाय टेकवून चालवायची सवय. समजावलं, शेजारी बसून दाखवलं. दुसऱ्या वेळी सांगितलं, यातले निम्मे तुझे. त्यानंतर प्लेट टिकली. पैसे माझे होते तोवर त्याचा पाय क्लचवरून हलला नव्हता.

पाना२२

मी गाड्या उघडतो, म्हणून एवढंच सांगतो. क्लच प्लेट जळलेली दिसते, पण ती कोणी जाळली हे ती सांगत नाही. फ्री प्ले, म्हणजे क्लच पेडलची सुरुवातीची मोकळी चाल, नीट सेट केला नसेल, सील गळून प्लेटला ऑइल लागलं असेल, गाडी क्षमतेपेक्षा जास्त भरून चढावर थांबवून पुन्हा उचलायला लावली असेल, तरी प्लेट तशीच काळी होते. ब्रेकचंही तेच. ड्रम तापून निळा पडला की मालक म्हणतो, उतारावर लो गिअर न टाकता ब्रेकवरच उतरवली. असेलही. पण स्लॅक अॅडजस्टर, म्हणजे ब्रेकची फट जुळवणारा भाग, अडकून ब्रेक सतत घासत असला तरी ड्रम असाच निळा पडतो. टायर फुटला तर हवा कमी होती की वजन जास्त होतं? ज्याच्या गाडीचं मेंटेनन्स मागे पडलंय, तोच मालक ड्रायव्हरची चूक ठरवत असेल तर त्या निकालावर माझा भरवसा नाही.

वेतनपत्रक

कायदा काय म्हणतो ते बघूया, कारण ‘सही केली म्हणजे संपलं’ हे खरं नाही.

१९४९ च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वेतन संरक्षण कराराचं (क्रमांक ९५) आठवं कलम सांगतं की पगारातून कपात देशाच्या कायद्याने, सामूहिक कराराने किंवा लवादाच्या निवाड्याने घातलेल्या मर्यादेतच करता येते. भारतात १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने नुकसानीपोटी कपातीला वाट ठेवली, पण अटींसह. नुकसान थेट त्या कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झालेलं हवं, कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नको, आणि कापण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यायलाच हवी. २०१९ च्या वेतन संहितेतही या अटी आहेत. उजवाआरसा, तुमचा बंपर दुरुस्तच झालेला नाही, मग प्रत्यक्ष नुकसान किती हे कशावरून ठरलं? पहिला प्रश्न हाच विचारा.

मला सगळ्यात पटतो तो जर्मनीच्या कामगार न्यायालयांचा मार्ग. तिथे निष्काळजीपणाच्या पायऱ्या पाडल्या आहेत. किरकोळ चूक असेल तर कामगाराने काहीच द्यायचं नाही. मध्यम असेल तर दोघांत वाटणी. घोर निष्काळजीपणा असेल तर बहुतेकदा सगळं त्याचं, तरी रक्कम पगाराच्या मानाने फारच मोठी असेल तर न्यायालय तीही कमी करू शकतं. आधी ही सवलत फक्त धोक्याच्या कामांना होती, १९९४ मध्ये संघीय कामगार न्यायालयाने ती मालकासाठी केलेल्या सगळ्या कामांना लागू केली. आणि गाडीचा संपूर्ण विमा काढणं मालकाला शक्य असूनही त्याने काढला नसेल, तर तो काढला होता असं धरून हिशोब होऊ शकतो. हप्ता वाचवायचा मालकाने आणि जोखीम घ्यायची ड्रायव्हरने, हे तिथे चालत नाही.

एकगाडीमालक

कायद्याचंच बोलायचं तर ब्रिटनचा लिस्टर खटलाही सांगा. १९५७ चा. लॉरी मागे घेताना मुलाने स्वतःच्या वडिलांना धडक दिली. ते त्याच लॉरीवर त्याचे मदतनीस होते. विमा कंपनीने वडिलांना भरपाई दिली आणि मग मालकाच्या नावाने ड्रायव्हरवर दावा लावला. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण काळजीपूर्वक गाडी चालवणं हे ड्रायव्हरने नोकरीतच कबूल केलेलं असतं. मीही दुसरं काही म्हणत नाही.

वेतनपत्रक

निकाल बरोबर सांगितलात, पण पाचपैकी दोन न्यायाधीश विरोधात होते. आणि त्यावर एवढी टीका झाली की तिथल्या विमा कंपन्यांनीच आपसात ठरवलं की संगनमत किंवा जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन नसेल तर कामगारावर असे दावे लावायचे नाहीत. जिंकलेल्या बाजूलाच तो विजय वापरावासा वाटला नाही.

रात्रपाळी

मी डेपोत गाड्या आत-बाहेर नोंदवतो. आमच्याकडे कपात सुरू झाल्यावर ‘लागलं’ अशा नोंदी जवळपास थांबल्या. मालक खूश होते. मग एका गाडीच्या डिझेल टाकीचा पट्टा तुटलेला सापडला. खाली दगड लागला होता, ड्रायव्हरने तारेने बांधून आठवडाभर तशीच चालवली होती. सांगितलं असतं तर पैसे कापले गेले असते, म्हणून तो गप्प राहिला. टाकी भर रस्त्यात सुटली असती तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचं काय झालं असतं, याने मला आजही झोप लागत नाही. पैशाच्या भीतीने ड्रायव्हर काळजी घेतो म्हणता, मी त्याला फक्त लपवताना पाहिलंय.

घाईचं काय? युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमात साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास विश्रांती सक्तीची आहे. किती अंतर कापलं किंवा किती लवकर माल पोचवला यावर बक्षीस देऊन रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येत असेल, तर तसं बक्षीसच तिथे देता येत नाही. वेळेत पोचण्याचा दबाव कंपनीने टाकायचा आणि त्या दबावातून झालेल्या धडकेचे पैसे मात्र ड्रायव्हरने भरायचे?

एकगाडीमालक

टाकीचं ऐकून मी थांबलो, खरंच. माझ्या गाडीत असं काही लपलंय का, हे उद्याच बघतो.

पण उजवाआरसा, तुम्ही म्हणता मुद्दाम केलं नसेल तर एक पैसा नाही. मग सवय न बदलणाऱ्याचं मी काय करायचं? माझ्या हातात दोनच गोष्टी उरतात, सोसत राहायचं किंवा त्याला काढायचं. प्रत्येक वेळी सोसायची माझी ऐपत नाही. निम्मे घेतले म्हणून तो आजही माझ्याकडे कामाला आहे. तुमच्या नियमाने तो केव्हाच घरी बसला असता. त्याच्या मुलांना यातलं कोणतं परवडलं असतं?

उजवाआरसा

याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. नोकरी जाण्यापेक्षा निम्मे भरलेले बरे, असं मीही म्हटलं असतं. पण पाना२२ यांनी सांगितलं ते तपासलं होतंत का? फ्री प्ले, सील? आणि निम्मे घ्यायच्या आधी त्याचं म्हणणं ऐकलं होतं का?

एकगाडीमालक

प्लेट नवीन टाकताना फ्री प्ले पुन्हा सेट केला होता. आधी किती होता ते कोणी मोजलं नाही. त्याला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

पाना२२

म्हणजे प्लेट टिकली ती त्याने पाय उचलला म्हणून की सेटिंग बरोबर झाली म्हणून, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.